रिकाम्या चोचीचा नियम

हाइनीचं पत्र मार्चमध्ये आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. एप्रिलमध्ये वाटलं, घाई कसली आहे. जूनमध्ये वाटलं, आता इतका उशीर झाल्यावर काय लिहायचं.

पत्र छोटंच होतं. 'लिग्यास, फुप्फुसं संपत आली आहेत. फोनवर धाप लागते, म्हणून लिहितो. जुलैअखेर डेन्मार्कहून येईन म्हणतो. एक संध्याकाळ तुझ्या कड्यावर जाळं घेऊन बसू दे. तू हो म्हणालास की तिकीट काढतो.'

तुझा कडा, असं त्यानं लिहिलं कारण आमच्या बेटावर कडा जमिनीबरोबर येतो. वडिलांची जमीन माझ्याकडे आली, तिच्याबरोबर समुद्रावरची ती गवताळ बैठकही आली. तिथं बसून लांब काठीच्या जाळ्यानं उडते लुंडी, म्हणजे कड्यावरच्या बिळांत घर करणारे समुद्रपक्षी, धरायचे, तर मालकाला विचारावं लागतं. मालक मी. मला स्वतःला कधी धड एक लुंडी धरता आला नाही. मी शाळेत शिकवायचो आणि कड्यावर गेलो तरी पुस्तक घेऊन बसायचो. वडिलांनी सगळी विद्या दिली ती शेजारच्या हाइनीला.

त्या विद्येत नियम एकच होता. चोचीत मासे घेऊन येणाऱ्याला जाळं लावायचं नाही. त्याचं पिल्लू बिळात वाट बघत असतं. रिकाम्या चोचीनं कड्याभोवती घिरट्या घालणारे ते अजून संसार न मांडलेले. त्यांतले घ्यायचे. 'आम्ही कुणाचं पिल्लू कधी उपाशी ठेवलं नाही,' हे हाइनी तिकडे गोदीतल्या लोकांना अजून ऐकवत असतो म्हणे.

अलीकडे लुंडी फार कमी झाले होते. दर उन्हाळ्यात कुणीतरी विचारायचं, मी 'बघू' म्हणायचो आणि लोक आपणच नाद सोडायचे. नाही म्हणण्याची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही.

जुलैत एका दुपारी हानुस दारात आला. माझाच जुना विद्यार्थी, आता त्याची स्वतःची होडी आहे.

"मास्तर, पुस्तक मिटा. कडा भरलाय! पक्ष्यांचं चक्र फिरतंय, थेट जुन्या दिवसांसारखं."

"खरंच?"

"मी कशाला खोटं बोलू? खोटं बोलायचं तर मासे मिळाले म्हणून सांगितलं असतं. समुद्रात काही नाही, पण कड्यावर या."

संध्याकाळी गेलो. खरोखरच पक्षी गोल फिरत होते, आमच्या डोळ्यांसमोरून, लाल पाय मागे टाकून. मी दुर्बीण लावली. एकाच्याही चोचीत मासा नव्हता.

"बघा," हानुस म्हणाला, "सगळे मोकळे. सगळे ब्रह्मचारी, तुमच्यासारखे! काढू का थोडे?"

मी होकाराची मान हलवली. मनात हाइनीच्या पत्राचं उत्तर तयार होत होतं: ये, लवकर ये, पक्षी परतलेत. बऱ्याच महिन्यांनी मला हलकं वाटलं. हानुसच्या जाळ्यात एकामागून एक पक्षी येत होते.

हानुसही जेवायला घरी आला. बहीण एल्स्पानं पिसं काढायला घेतली. बेदाण्यांचं गोड सारण भरून लुंडी शिजवण्यात तिचा हात कुणी धरू शकत नाही. ती गुणगुणत होती. मग थांबली.

"लिग्या, इकडे ये. चष्मा लावून ये."

पक्ष्याच्या पोटावर दोन बाजूंना पिसं नव्हती. उघडी, नरम कातडी. अंडं पोटाशी धरून उबवणाऱ्याची ती खूण आमच्याकडे पोरांनाही ठाऊक असते. तिनं दुसरा उलटा केला. तिसरा. मग तिनं उरलेले सगळे ओट्यावर मांडले. चोचींवरच्या, वयाबरोबर वाढणाऱ्या खाचा खोल होत्या. एकही तरुण नव्हता.

"पण चोच रिकामी होती," हानुस म्हणाला. "तुम्ही पाहिलंत ना, मास्तर? नियम पाळला मी."

"अरे, समुद्रात मासाच नाही असं तूच दुपारी सांगून गेलास," एल्स्पा म्हणाली. "मग चोचीत आणतील काय, दगड?"

हानुसनं टोपी घेतली आणि निघून गेला. जेवण झालं नाही.

सकाळी मी एकटाच कड्यावर गेलो. गवतात पालथा पडून एका बिळात खांद्यापर्यंत हात घातला. बोटांना ओल्या लोकरीसारखं काहीतरी लागलं. पिल्लू जिवंत होतं. चोच मारण्याचा प्रयत्न त्यानं केला, पण त्यात जोर नव्हता. तळहातावर घेतलं तर वजनच नाही. मी ते परत आत ठेवलं. दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही, अजूनही सुचत नाही.

हानुस वाटेत भेटला. रात्रभर झोपला नसावा. हाइनीच्या पत्राचं त्याला मीच आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं.

"मास्तर, हाइनीकाकांना तरी येऊ द्या. एक संध्याकाळ. दोन-चार पक्ष्यांनी काय होणार आहे? मरणाऱ्या माणसाला नाही म्हणणार तुम्ही?"

"बघू," मी म्हणालो, आणि स्वतःचा आवाज ऐकून मला कसंतरीच झालं.

घरी एल्स्पानं पर्याय काढला. "कडा ढासळला म्हणून लिही. बैठकच समुद्रात गेली. त्याला वाईट वाटेल, पण तुझा राग येणार नाही."

मी तसं लिहिलं. छान उतरलं, दरड कोसळल्याचा आवाजसुद्धा त्यात होता. इतकं चांगलं मी क्वचितच लिहिलं असेन. वाचता वाचता मला दिसलं, की हाइनी त्यावर विश्वास ठेवील आणि त्याच नियमाचा अभिमान धरून मरेल. ते वाईट आहे का? मला माहीत नाही. मासे काही यंदाच आटलेले नाहीत. तो मागच्या खेपेला आला होता, तेव्हाही चोची रिकाम्याच होत्या आणि आम्ही खुशीत जाळं लावलं होतं. हे त्याला सांगणारा मी कोण? पण कडा माझा आहे. मी खोटं लिहिलं, तर पुढच्या वर्षी हानुसला काय सांगणार, आणि त्याच्यानंतरच्यांना?

तो कागद चुलीत टाकला आणि दुसरा घेतला.

'हाइनी, जाळं नाही. यंदा नाही, आणि मी जिवंत आहे तोवर नाही. रिकाम्या चोचीचे होते ते आईबाप होते. मी पोटं पाहिली. मागच्या वेळीही तसंच असणार. तू ये. कड्यावर आपण नुसते बसू. आला नाहीस तर मी समजून घेईन.'

एल्स्पानं वाचलं. "फार कोरडं आहे रे," ती म्हणाली.

"ओलं लिहायला गेलो की खोटं होतं."

"बोट सुटायच्या आत टाक मग. नाहीतर परत 'बघू' करशील."

धक्क्यावर हानुस जाळी धूत होता. पाकिटावरचं नाव त्यानं वाचलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"हो म्हणालात?"

"नाही म्हणालो."

तो पुन्हा जाळीकडे वळला. मी पाकीट टपालपेटीच्या फटीत धरलं, थोडा वेळ तसंच, आणि सोडलं.