बोरीच्या पाल्याचा फेस

माझी चुलतबहीण सृष्टी जेऊरहून आमच्याकडे शुक्रवार पेठेत शिकायला आली आणि माझं सुख संपलं. तोवर अख्ख्या नववीत माईक म्हणजे मीच! पण रानमेवा प्रदर्शन आलं आणि बाईंनी विचारलं, "बोरीच्या झाडाचे काय काय उपयोग?"

मी ऐटीत म्हटलं, "बोरं खातात."

सृष्टी मात्र सुरूच झाली. "वाळल्या बोरांचं बोरकूट खाल्लं की तोंडाला चव येती. सालीच्या काढ्यानं गुळण्या करत्यात. पाल्यानं आय केस धुती, लई फेस येतो की!"

वर्गानं टाळ्या वाजवल्या. मला इतकं झोंबलं, इतकं झोंबलं, की टाळ्या थांबायच्या आतच माझा हात वर गेला.

"फेस मीपण काढीन," मी उभी राहिले.

"मग उद्या प्रदर्शनात दोघी काढा," बाई हसल्या. "जिचा फेस चांगला, तिला माईक."

घरी चोरून पाला चोळला. नुसतं हिरवं पाणी! सृष्टीला विचारायचं? त्यापेक्षा मरण बरं. सकाळी आईच्या शांपूचा पाऊच टबात रिकामा केला.

शाळेत माझा फेस टबाबाहेर सांडला. सृष्टी अजून दगडावर पाला ठेचतच होती. मी माईककडे बघायलाही लागले.

फाटकाजवळ बोरं विकणाऱ्या मल्लव्वा आजी परीक्षक होत्या. त्यांनी फेस नाकाशी नेला.

"काय गं पोरी, ह्या बोरीला गुलाबाचं कलम बांधलं व्हय?"

सगळे खदाखदा हसले. माझे कान तापले. तेवढ्यात सृष्टी म्हणाली, "आजी, टब आमच्या न्हाणीतला हाय. धुवायचा राहिला आसंल."

तिनं सकाळी कचऱ्यात पाऊच पाहिला होता, मला ठाऊक होतं. म्हणजे आता चांगुलपणातही हीच पहिली!

तिच्या पाल्याला खराखुरा फेस आला आणि माईक अर्थातच तिला मिळाला. जाता जाता माझ्या कानात म्हणाली, "आदी ठेच, मग चोळ. दम धर."

मी टब धुतला. ठेचलं. चोळलं. हात भरून आले. आणि आला की फेस! पांढुरका, पाल्याच्या वासाचा, अस्सल.

"हा बघा फेस, माझ्या बहिणीनं काढलाय," माईकवरून सृष्टी म्हणाली.

सगळे माझ्याकडे वळले. मी टब उचलला. चांगला वर धरला. माईकच्याही वर.