पासष्टच्या पुढे

"ही कोणाची ब्याद आपल्या दारात आणून ठेवली?" मी विचारलं, तेव्हा ट्रॅक्टरवाला लाल गाडीच्या नाकातून दोर सोडत होता आणि आमचे हे तिच्या टपावरून हात फिरवत होते, गाभण म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"आपली हाय," हे म्हणाले.

मी नुकतीच शाळेतून येत होते. एका हातात तिसरीच्या वह्या, दुसऱ्या हातात मेथीची जुडी. जुडी कधी खाली पडली ते मला कळलंच नाही. मी सरळ ओट्यावर बसले.

हे म्हणजे इंद्रभान गवई. एसटीत एकतीस वर्षं चालक. धाड-बुलढाणा, बुलढाणा-मलकापूर, कधी लांबची अकोला. एकतीस वर्षांत यांच्या चाकाखाली कोंबडीसुद्धा आली नाही. बसचा वेग बांधून दिलेला असायचा. काटा पासष्टला टेकला की गाडीच म्हणायची, बस. यांचा स्वभावही तसाच. वरण खारट झालं तरी आवाज चढला नाही, लेक समता परजातीत लग्न करते म्हणाली तेव्हाही चढला नाही. भांडायची सगळी कामं या घरात मीच केली. आणि निवृत्त होऊन तीन आठवडे होत नाहीत तर या माणसानं मला न विचारता, फंडाच्या पैशातून, खामगावच्या कोण्या दलालाकडून चौदा वर्षांची जुनी परदेशी गाडी आणली. तीही ट्रॅक्टरनं ओढत.

"चालत नाई ते?"

"चालंल. टर्बो गेला हाय."

"हा टर्बो काय असते?"

"इंजिनाले जास्तीची हवा देते. मंग गाडी पयते."

"आपल्याले कुठं पयाचं हाय?" मी म्हणाले. हे बॉनेटखालची धूळ फुंकायला लागले.

आमच्या गल्लीत देवानंदचं गॅरेज आहे. जीप आणि ट्रॅक्टर यांच्यात त्याचा जन्म गेला. त्यानं बॉनेट उघडलं, बघितलं आणि हळूच बंद केलं. "काका, याच्यात तं हात घालाले जागा नाई," तो म्हणाला. तरी दुसऱ्या दिवशी आला. तिथून पुढे आठ महिने ती गाडी आमच्या अंगणात आणि देवानंद आमच्या चहावर.

एका दिव्याची किंमत ऐकून मी पुन्हा ओट्यावर बसले. एवढ्यात आमच्या बहिणीच्या घराचा सगळा रंग झाला असता. यांनी आपला एक नियम केला होता, महिन्याला एकच वस्तू, तीही जुन्या बाजारातून. कधी रबरी नळी, कधी पट्टा, कधी नुसता सेन्सर, बोटाएवढा. एकदा देवानंदनं चुकून ट्रॅक्टरचं ऑइल ओतलं. गाडी खोकल्यासारखी करायला लागली. मी म्हटलं, आता तरी हा माणूस ओरडेल. यांनी सगळं ऑइल परातीत काढलं, परात माझी, आणि म्हणाले, "चुकते माणूस."

टर्बोवाचून गाडी रांगण्यापुरती चालू झाली होती. बाजाराच्या दिवशी तर काय सांगायचं. गाडीचं पोट जमिनीला लागलेलं, त्यामुळे गतिरोधक आला की हे ती तिरकी घालायचे, एक एक चाक करत. तेवढ्या वेळात मागे जीपवाल्यांची रांग. सगळं धाड गाव आमच्याकडे बघून राहायचं. शेजारची गोजरबाई मला म्हणाली, "मास्तरीणबाई, म्हातारपणी नवऱ्याले रेस लागली का वं?" मी तिला हसून उत्तर दिलं आणि घरी येऊन यांना सोडलं नाही. पांढरा हत्ती पोसतात म्हणतात, आमचा लाल होता. मी विका म्हणाले, भंगारात घाला म्हणाले, एकदा तर मी नाहीतर ती असंही म्हणाले. हे ऐकायचे आणि रोज सकाळी पान्यानं चारही टायर ठोकून बघायचे, एसटीचे बघायचे तसे.

तो रविवार मला आठवतो. मी गाडीत फडकं शोधत होते. समोरचा कप्पा उघडला तर डोळ्यांत घालायच्या औषधाच्या तीन बाटल्या, दोन रिकाम्या. खाली घडी केलेला कागद. बुलढाण्याचे डोळ्यांचे डॉक्टर. तारीख निवृत्तीनंतरच्या चौथ्या दिवसाची. अक्षर डॉक्टरी असलं तरी मी वह्या तपासणारी बाई आहे. काचबिंदू, दोन्ही डोळे.

ज्या माणसाच्या ताटात किती मीठ लागतं हे मला माहीत, त्याचे डोळे जात होते आणि मला पत्ता नव्हता.

हे गाडीखाली शिरलेले होते. बाहेर फक्त पाय. मी त्या पायांशीच बोलले.

"हे काय हाय?"

पाना वाजायचा थांबला. "सापडलं का?"

"काय हाय हे?"

"बाजूचं कमी दिसाले लागलं. समोरचं चांगलं दिसते अजून."

"मले काऊन नाई सांगितलं?"

"तू रडली असती."

"मंग आता काय करून राह्यले मी?"

मग गाडीखालून हे बोलले, आणि इतकं सलग बोलताना मी यांना आमच्या लग्नापासून ऐकलं नव्हतं. "एकतीस वर्स गाडी चालवली, समताची माय. एका गाडीनं कधी म्हटलं नाई का चाल, अजून चाल. दर खेपेले पासष्टले तिनंच हात धरला. डॉक्टर म्हणे, ड्रायव्हिंग फार दिवसाचं नाई आता. मले एकडाव पाह्यचं हाय, एकशेवीस कसं असते. त्या नव्या मोठ्या रस्त्यावर तेवढी परवानगी हाय."

परवानगी आहे. वेड लागलं तेही नियमात बसवून. मला हसू आलं, आणि मग जे रडू आलं ते काही थांबेना. आठ महिने मी या माणसाला टाकून बोलत होते.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि यांना घेऊन त्या डॉक्टरांकडे गेले. सगळं विचारलं, दोनदा विचारलं. डॉक्टर म्हणाले, "गाडी चालवायला दोन महिने. तेही दिवसा, उजेडात, आणि बाजूला कोणीतरी पाहिजे. पुढच्या तपासणीनंतर चावी तुमच्याकडे घ्या, बाई."

आता टर्बोची घाई मला लागली. तो सापडला संभाजीनगरच्या भंगार बाजारात, अशाच एका फुटलेल्या गाडीचा. देवानंदनं फोनवर सौदा केला आणि आणायला मी गेले. जुन्या साडीत गुंडाळून एसटीत मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर ओळखीचा निघाला. "वहिनी, गवई दादाच्या ना तुमी? एवढं जड काय घेऊन चालल्या?" मी म्हणाले, "पंखा हाय." खरं सांगितलं असतं तर सगळ्या एसटीत झालं असतं की गवईची बायकोही गेली कामातून.

देवानंदनं तो बसवला, दोन दिवस लावले, आणि स्वतः फाट्यापर्यंत चालवून आला. उतरला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. "काका, जरा पाय ठेवला का माणूस सीटले चिकटते. मी तं घाबरूनच गेलो बे," तो म्हणाला आणि मग मी उभी आहे हे बघून त्यानं जीभ चावली. हे नुसते हसले. सगळे दात दिसेपर्यंत हसले.

तपासणी मंगळवारी होती. त्याच्या आधीच्या रविवारी सकाळी आम्ही निघालो. यांनी दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. सिंदखेडराजाजवळ मोठ्या रस्त्यावर चढलो. समोर रस्ता असा सरळ, की शेवट दिसेना. ऊन स्वच्छ. मी पट्टा आवळला, बुद्धाचं नाव घेतलं आणि म्हणाले, "चला."

पन्नास. साठ. गाडीचा आवाजसुद्धा येत नव्हता. पासष्ट.

काटा तिथेच राहिला.

मी वाट बघितली. एक ट्रक आमच्या बाजूनं पुढे निघून गेला, मग सिमेंटचा टँकर. टँकरवाल्यानं वळून आमच्या गाडीकडे बघितलं.

"दाबा ना," मी म्हणाले.

"दाबून राह्यलो."

मी खाली बघितलं. पाय होता तिथेच होता. यांनी पाय उचलला, तळहात पँटीला पुसला, पुन्हा ठेवला. टर्बोची बारीक शिट्टी वाजली, काटा दोन घरं सरकला आणि लगेच मागे आला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. यांचा चेहरा मी बघितला. आपलाच पाय आपला नाही असं कळल्यावर माणूस कसा दिसेल, तसे दिसत होते.

"गाडीत काही बिघाड हाय का?"

"गाडी चांगली हाय."

"मंग?"

"मागं माणसं बसले वाटते," हे म्हणाले.

"कोण?"

"चव्वेचाळीस. अन् उभे वेगळे. एक बाई लेकरू घेऊन बसेल हाय, असं वाटते."

मी मागे वळून बघितलं. सीटवर पाण्याची कॅन आणि डबा. बाकी काही नाही. आयुष्यभर या माणसाच्या गप्प राहण्यावर चिडले, आणि आता तो बोलला तर मला ऐकवेना. पण मीच काही बोलले नसते तर कोण बोललं असतं? मी आवाज चांगला खडसावून काढला, तिसरीच्या वर्गात काढते तसा.

"ते सगळे उतरले. कधीचे उतरले. तुम्ही पोचवलं सगळ्याईले, ज्याले त्याले आपापल्या गावी. घरी गेले, जेवले. मागं कोणी नाई. आरशात पाहा."

यांनी आरशात बघितलं. रस्त्यावरून नजर काढू नये त्याहून जास्त वेळ बघितलं. मग पुन्हा समोर.

"हाव, खाली हाय," हे म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "अन् तू?"

मला तोंडाला तोंड देताना कधी विचार करावा लागला नाही. त्या दिवशी मात्र एक शब्द सुचला नाही. चला, माझी काळजी करू नका, एवढं म्हणायला काय लागत होतं? पण माझा हात कधीचा जाऊन यांच्या शर्टाची बाही धरून बसला होता, आणि तो मला काढता येत नव्हता.

काटा पासष्टला होता. पुढचा फाटा दोन किलोमीटरवर अशी पाटी आली, मग एक किलोमीटर. फाट्यावर उतरायला यांनी डावा इंडिकेटर दिला. मागे एकही गाडी नव्हती.