डोळ्यांतला पिवळेपणा

पिंपरीला कारखान्याचं बांधकाम चाललं होतं. हिवतापाच्या गोळ्या खाऊन सगळेच मजूर पिवळे दिसत, म्हणून तिथंच मजुरी करणारा नवरा दत्तोबा पिवळा पडला तेव्हा गवराबाईला काहीच वाटलं नाही.

मग त्याचे डोळे पिवळे झाले.

"गोळ्यांनी कातडी पिवळी पडते, डोळे नाहीत. ही कावीळ आहे," घरी आलेले डॉक्टर म्हणाले. "गोळ्यांबरोबर आणखी काय देता?"

गवराबाईनं बाहेर ओट्याकडे पाहिलं.

"सांग की," दत्तोबा कण्हत म्हणाला, "आई काय खाती व्हय तुला?"

"आत्याबाईंचा काढा," गवराबाई म्हणाली. "कसला पाला, त्यांनाच ठावं."

"दोन्हींचा भार यकृतावर पडत असावा. सध्या दोन्ही बंद."

बाहेर ओट्यावर आत्याबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, संध्याकाळचा पाला वाटत होत्या. गवराबाईनं आजवर त्यांच्यापुढे मान वर केली नव्हती. तिनं त्यांच्या हातातला वरवंटा काढून घेतला.