पेटीतली विहीर

सागवानी पेटी एक: एकोणतीस इंच लांब, वीस इंच रुंद, तीन इंच खोल. तळाला निळा रंग, म्हणजे रेती बाजूला सारली की खाली पाणी दिसावं. पेढी नदीची रेती दोन टोपल्या. चाळलेली, धुतलेली, उन्हात खडखडीत वाळवलेली. फळीवर तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल चार, छकडा एक, कुंभाराकडून करून आणलेली मातीची माणसं सहा, घरं तीन, झाडं बारा, वाघ एक, साप दोन, सुतळीचा गुंडा एक. एकूण तीस नग. देव एकही नाही. ते चारुशीलेनं मुद्दाम टाळले होते. इथे शास्त्र चालणार होतं.

बासष्ट सालचा पौष. नागपूरची बी.एस्सी. आणि मग मुंबईच्या एका दवाखान्यात दोन वर्षं मनाच्या उपचाराचं शिक्षण घेऊन ती अमरावतीला परतली होती. वडिलांनी, मोरोपंत वकिलांनी, पुढची खोली दिली. टोमणा वरून फुकट.

"रसायनात पहिली आलेली मुलगी माझ्या घरात रेती चाळते. शेजारी विचारतात, वकीलसाहेब, माडी चढवताय का?"

"हो म्हणून सांगा, बाबा," चारुशीला म्हणाली. जे तोंडातून निघत नाही ते माणूस रेतीत मांडतो, हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. नियम सोपा होता. मांडणाऱ्यानं मांडायचं, शेजारी बसणाऱ्यानं नुसतं बघायचं. रेतीला बोट लावायचं नाही, अर्थ सांगायचा नाही.

वलगावचे नत्थुजी हे मोरोपंतांचे जुने पक्षकार. वर्षापूर्वी त्यांच्या संत्र्याच्या बागेतली विहीर खोल करताना कड ढासळली आणि चुलतभाऊ चंद्रभान आत गाडला गेला. वर दोरावर नत्थुजी होते. तेव्हापासून ते कुठल्याही विहिरीजवळ जात नव्हते. जवळ नेलं की घाम सुटे, पाय थिजत. त्या दिवसाबद्दल चकार शब्द नाही. दोन वर्षांची कलमं त्यांची बायको मैनाबाई शेजाऱ्याच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणून जगवत होती. उन्हाळ्यात शेजाऱ्याची विहीर आटली की बाग गेलीच.

पहिल्या दिवशी पेटी पाहून नत्थुजी दारातच अडले. "बाई, मले का लेकरू समजून राहिल्या तुमी?"

"लेकरू बरं," मैनाबाई मागून म्हणाली. "थे खेळते तरी. तुमी तर भिंतीकडे पाहत बसता. बसा गुमान!"

ते बसले. पहिल्या वेळी त्यांनी रेती नुसती सपाट केली. दुसऱ्या वेळी मधोमध खड्डा उकरायला घेतला. कोरडी रेती चहूबाजूंनी घसरून आत आली. पुन्हा उकरला, पुन्हा बुजला. ते हात झटकून उठून गेले. चारुशीलेला कारण स्वच्छ दिसत होतं. कोरड्या रेतीत उभी कड राहूच शकत नाही. तांब्याभर पाणी शिंपडलं की झालं. तांब्या हाताशी होता. तिनं तो उचलला नाही.

तिसऱ्या वेळी नत्थुजींनी फळी वरपासून खालपर्यंत पाहिली.

"आसरा कोठी हायेत?"

आसरा म्हणजे पाण्याच्या देवी. विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड. चारुशीलेचा चेहरा उतरला. विहिरीचा धसका घेतलेला माणूस समोर, आणि विहिरीचं दैवत तिनं शास्त्राच्या नावाखाली वगळलं होतं.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "तुम्हीच आणा."

ते अंगणात गेले, सात खडे वेचून आले. मग ओसरीवर पानाचा डबा उघडून बसलेल्या मोरोपंतांपुढे उभे राहिले. "वकीलसाहेब, एक सुपारी द्या जी."

"घ्या. आजवर पक्षकारानं मला दिली, आज उलटं," मोरोपंत म्हणाले.

नत्थुजींनी सात खडे ओळीनं मांडले. त्यांच्यापुढे सुपारी नारळासारखी ठेवली, हात जोडले. मग खाली पाहतच बोलले.

"त्या दिशी घाई होती. चंद्रभान मने, आधी नारळ फोडू. म्या मनलं, सांजच्याले फोडू. आसरानं त्यालेच नेलं."

दारात मैनाबाईनं पदर तोंडाला लावला. वर्षभरात हे तिनं पहिल्यांदाच ऐकलं. असं काही नसतं हो, आसरा कुणाला नेत नाहीत, हे वाक्य चारुशीलेच्या ओठांवर आलं. तिनं ते गिळलं.

नत्थुजींनी खड्डा उकरायला सुरुवात केली. जपून, चिमटीचिमटीनं. मातीचा माणूस सुतळीला बांधून आत सोडला. रेती घसरली. माणूस छातीपर्यंत बुजला.

ते बघत राहिले. खड्यांकडे, सुपारीकडे, परत खड्ड्याकडे. माणूस बाहेर काढला, झटकला, पुन्हा उकरलं. पुन्हा रेती आत.

"नारळ देल्ला तरी पडली," ते हळूच म्हणाले.

त्यांनी चिमूटभर रेती बोटांत चोळून पाहिली.

"भुसभुशीत हाये, मून पडते. आमच्या विहिरीले बी खाली असाच पोकळ थर लागला होता." त्यांनी मान वर केली. "बाई, पानी द्या."

आता चारुशीलेनं तांब्या पुढे केला. ओली रेती त्यांनी तळव्यानं थापली, विहीर पाडली, अंगणातून खडीचे तुकडे आणून आतून बसवले. कड उभी राहिली. तळाशी निळं दिसलं. मातीचा माणूस सुतळीनं वर ओढून त्यांनी काठावर, आसरांच्या शेजारी बसवला, आणि मांडीवर हात ठेवून बराच वेळ रडले.

"कडं बांधा लागते," डोळे पुसत ते मैनाबाईला म्हणाले. "वडारायले सांगतो."

"तुमी सांगता?"

"मंग काय वकीलसाहेब सांगतीन?"

चैत्रात चारुशीला वलगावला गेली. वडारांनी गाळ उपसून दगडी कडं बांधून काढलं होतं. काठावर शेंदराचे सात दगड, पुढे फुटलेला नारळ. कलमांना नवी पालवी होती. नत्थुजी काठावर ओणवे झाले. दोराला दगड बांधून त्यांनी तो आत सोडला, तळ लागल्यावर वर ओढला, आणि भिजलेला भाग हातानं मोजला.

पाणी साडेचार हात भरलं.