हैदराबादची जागा

डाळिंबावरच्या तेल्या रोगावर ज्ञानदानं पीएचडी केली, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. दर मार्चमध्ये प्रकल्पाची मुदत वाढायची आणि तिचीही नोकरी तेवढीच पुढं सरकायची. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेनं मुलाखतीला बोलावलं, तेव्हा पहिल्यांदाच तिला वाटलं, सुटलो आपण. तिथं तिला स्वतःचं, स्वतःच्या नावाचं संशोधन करता येणार होतं.

मुलाखत छान झाली, पण निरोप काही येईना. शेवटी तिनंच फोन लावला. तिथल्या प्रमुख बाई अवघडून म्हणाल्या, "तुम्ही अर्जात नाव दिलेल्या सरांना आम्ही फोन केला होता. तुम्हाला सोलापूर सोडायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. आम्ही दुसऱ्याला घेतलं हो."

ज्ञानदा तशीच उठून गुरुशांत सरांच्या खोलीत गेली. पीएचडीचे मार्गदर्शक तेच. वडील गेले तेव्हा प्रकल्पात जागा काढून त्यांनीच तिला सावरलं होतं.

"सर, मला जायचं नाही, असं तुम्ही सांगितलंत?"

सरांनी चष्मा काढला. "बस आधी. तुझ्या आई आल्या होत्या माझ्याकडं. लई रडल्या. मला वाटलं, तुमचं घरात ठरलंय."

"मला एकदा विचारायचं की, सर!"

"चुकलंच माझं." चष्मा पुसत ते म्हणाले, "पण खोटं कशाला बोलू? तू राहणार म्हणून मला बरंही वाटलं. बागेतले प्रयोग तुझ्याशिवाय कोण बघणार?"

भवानी पेठेतल्या घरी अनसूयाबाई भाकऱ्या थापत होत्या. लेकीचा चेहरा बघूनच त्यांनी ओळखलं.

"हो, गेले होते मी. परक्या गावात आजारी पडलीस तर कोण आहे तुला? आणि मी इथं भिंतींशी बोलू का?"

ज्ञानदाला ओरडावंसं वाटलं, पण भांडायचं तरी कुणाशी? दोघांचाही तिच्यावर जीव होता. तोच फासासारखा आवळत चालला होता.

"पुढच्या वेळी मी सरांचं नाव देणार नाही," ती म्हणाली. "आणि तुला गाडीत बसल्यावरच सांगेन."

 तव्यावरची भाकरी काढून आईनं ज्ञानदाच्या ताटात वाढली, शेजारी शेंगाची चटणी ठेवली. ज्ञानदा खाली मान घालून जेवायला बसली. सकाळी लवकर बागेत जाऊन डागाळलेली पानं गोळा करायची होती.