अग्निनाथांचा बिनधुराचा बंब

काष्टीच्या बाजारात त्या दिवशी बैलांकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. सगळी गर्दी अग्निनाथ महाराजांच्या पिंपाभोवती. पिंपाला भगवी झूल, वर चिमणी, खाली चौकोनी तोंड. महाराज त्या तोंडात चार काटक्या सारत, आतून ढुर्र ढुर्र आवाज येई आणि थोड्या वेळात तोटीतून वाफाळतं पाणी. चिमणीतून धूर मात्र औषधालाही नाही.

"आमच्या घरी एवढ्या पान्याला लाकडाचा भारा लागतो," गर्दीतला वैजनाथ म्हणाला.

"धूर म्हणजे पाप, बाळा," महाराज म्हणाले. "आमचा अग्नी पाप गिळतो. ऐका, घास घेतोय. ह्या पाण्यानं भक्ताचा पाय भाजत नाही, रोग तेवढा धुऊन जातो. डॉक्टरच्या गोळ्या फेका उकिरड्यावर."

दहावीतली पंकजा गर्दीत घुसली ती रंगुआत्याला घरी न्यायला. आत्याला शुगर, त्यात पायाच्या अंगठ्याला जखम. हयगय केली तर पाय जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण महाराज गावात आल्यापासून आत्यानं गोळ्यांना हात लावला नव्हता.

पंकजा पोचेपर्यंत आत्याचा पाय वाफाळत्या घमेल्यात गेला होता आणि आत्या मजेत हसत होती.

"बघा, अग्नीनं आपली लेक वळखली," महाराज म्हणाले. लोकांनी हात जोडले.

पंकजानं बोट बुडवलं, चटकन काढलं आणि आत्याचा पाय धरून बाहेर ओढला. पाय लालभडक.

"पापी बोटाला पोळणारच," महाराज म्हणाले.

"असेल बाई माझं बोट पापी. पण आत्याचं कोपर तरी पुण्यवान असेल की. आत्या, बुडव."

आत्यानं भक्तिभावानं कोपर बुडवलं. "आगं आयायाय, पोळलं की गं!"

"बाई एकच, पाणी एकच," पंकजा म्हणाली. "परवा तुझी चप्पल रस्त्यात निसटली, तरी तुला कळलं न्हाई. शुगरनं पाय बधिर झालाय, आत्या. पोळतंय, पण कळत न्हाई."

महाराज चिडले. "मग धूर कुठं गेला, ते सांग की, शानी."

पंकजानं जवळची वीट उचलून पिंपाच्या तोंडाला लावली. आतला आवाज बसला, चिमणीतून काळा लोट निघाला आणि महाराजच खोकायला लागले.

"अग्नीला अपचन झालं वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

"धूर म्हणजे अर्धवट जळलेलं लाकूड," पंकजा म्हणाली. "आवाजावरनंच कळतंय, आत उभा पाईप हाय, त्याच्याभोवती राख भरलेली. त्यामुळं आच टिकते, खालून हवा जोरात ओढली जाते आणि धूर आतच जळतो. वीट लावली, हवा तुटली, म्हणून तो बाहेर आला. ह्याला रॉकेट चूल म्हणतात. विज्ञान प्रदर्शनात मी तेलाच्या डब्याची केली हुती. बिनमंत्राची पेटली."

"म्हंजे पिंप खरंच कामाचं हाय," वैजनाथ म्हणाला. "महाराज, तुमी निघा. असलं पिंप आमी बनवून घिऊ."

पंकजानं आत्याला टेम्पोत घालून थेट दवाखाना गाठला. डॉक्टरांनी जखम साफ केली, वेळेत आलात म्हणाले आणि तळपायावर उठलेला मोठा फोड दाखवला. आत्या त्याच्याकडे बघतच राहिली. एवढा फोड, आणि तिला पत्ता नाही. पर्समधल्या गोळ्या तिनं स्वतःच बाहेर काढल्या.

अंघोळीचं पाणी कमी लाकडात तापत असेल तर जरूर तापवा. पण धूर कुठं गेला, हे विचारलं की ज्याला राग येतो, त्याच्या सांगण्यावरून आपल्या गोळ्या बंद करू नका.