बंडूजींचा दुसरा बैल

ज्ञान मिळालेला शेतकरी कधी एकटा नसतो. सारं राष्ट्र त्याच्या पाठीशी उभं असतं. उमरझरीच्या बंडूजींना ज्ञान मिळालं तेव्हा त्यांच्या पाठीशी एक बैल उभा होता, आणि तोही त्यांच्या पाठीला शिंग घासता येतं का ते पाहत होता.

एकच बैल असणं ही उमरझरीत लाजेची गोष्ट नव्हती. अर्ध्या गावाकडे एकेकच होता. एका बैलाने वखर चालत नाही, म्हणून एक बैलवाला दुसऱ्या एक बैलवाल्याला गाठतो, दोघांची मिळून जोडी होते आणि आळीपाळीने दोघांचीही शेतं होतात. याला सावड म्हणतात. पाडव्याला सुपारी देऊन सावड ठरते आणि पुढच्या पाडव्यापर्यंत मोडत नाही. लग्नात निदान रुसून माहेरी जाता येतं. सावडीत तेवढीही सोय नाही.

बंडूजींची सावड पुंडलिकरावांशी होती. शेताला शेत लागून, मधे फक्त धुरा, म्हणजे बांध. दोघांना मिशा फुटल्या नव्हत्या तेव्हापासून दरसाल सुपारी बंडूजी घेऊन जात आणि ‘यंदा नाई जमत’ असं म्हणून पुंडलिकराव ती घेत. पुंडलिकरावांची बोलण्याची पद्धत म्हणजे शिव्या. बैल वळला नाही तर बैलाला, वळला तर बंडूजींना. बंडूजींची बायको रुख्माबाई तापाने गेली, मुलगी धुरपता गिरडला दिलेली, तेव्हा दिवसभरात बंडूजींच्या कानावर जे काही माणसाचं बोलणं पडे ते एवढंच. संध्याकाळी घरी आलं की मडक्यातलं पाणी ओतल्याचासुद्धा मोठा आवाज व्हायचा. मग ते घरात मीठ असताना शेजारी मीठ मागायला जात. शेजारणीच्या हे लक्षात आल्यावर ती आठवड्याचं मीठ एकदम द्यायला लागली.

अशात पहिली पंचवार्षिक योजना उमरझरीला पोचली. ती सायकलवर आली. जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता, त्यामुळे योजनेचे ग्रामसेवक ओमप्रकाश हे नरसिंहपूरकडचे होते आणि त्यांची मराठी वाटेतच कुठेतरी पंक्चर झालेली होती. गावात एक आदर्श शेतकरी निवडायचा होता. आदर्श असण्याची मुख्य अट अशी की शेत रस्त्याला लागून पाहिजे, म्हणजे साहेबांना ते जीपमधून न उतरता पाहता येईल. या बाबतीत बंडूजींच्या तोडीचं गावात कोणी नव्हतं.

“बंडूजी, खत सरकार देगी, सरकी देगी, शिबिर में सिखाएगी,” ओमप्रकाश म्हणाले. “और एक बैल अनुदान पे. आदर्श शेतकऱ्याकडे स्वतःची पूर्ण जोडी पाहिजे.”

“मले बैल कायले साहेब? पुंडलिकाचा आहे ना.”

“पुंडलिकराव का बैल योजना में नहीं है.”

बंडूजींनी थोडा वेळ सायकलच्या घंटीकडे पाहिलं.

“मंग लोक येतीन काय पाहाले?”

“पूरा गाँव आएगा! आजूबाजूचे गाव पण येणार. रोज. समझाते समझाते आप थक जाएँगे.”

समजावून समजावून आपण थकलो आहोत, हे चित्र बंडूजींना फार आवडलं. त्यांनी होकार दिला.

शिबिर हिंगणघाटला झालं. तिथे दोरी धरून सरकी ओळीत कशी लावायची, शेणाचा खड्डा कसा भरायचा आणि पहाटे हात वर करून व्यायाम कसा करायचा, हे सगळं शिकवलं. बंडूजी सगळं मनापासून शिकले. मात्र काय आवडलं असं त्यांना विचारलं असतं तर त्यांनी पंगतीचं सांगितलं असतं. जेवताना डावीकडेही माणूस होता आणि उजवीकडेही. एकाने तर त्यांना ‘अजून घ्या’ म्हटलं. शिबिर संपल्यावर सगळे आपापल्या गावी गेले, हा त्या शिबिराचा एकच दोष.

बैल आला तो आर्वीकडचा, गवळाऊ जातीचा. पांढराशुभ्र, उंच, पावलं अशी टाकणारा की बाकीची गुरं आपोआप बाजूला सरत. गावाने दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव ‘सरकार’ ठेवलं. “बंडूजी, सरकारले पानी पाजलं काय?” असं पोरंसोरंही विचारू लागली. चार दिवस गोठ्यापुढे गर्दी होती, आणि बंडूजींना वाटलं की योजना सुरू झाली.

मग पाडवा आला. बंडूजी धुतलेलं धोतर नेसून, सुपारी घेऊन पुंडलिकरावांकडे गेले. पुंडलिकराव ओट्यावर दावं वळत बसले होते.

“हे काय आनलं?”

“सुपारी. काऊन, आज पाडवा नाई काय?”

“बंडू, तुह्याकडे बैल किती?”

“एक माहा, एक सरकारचा.”

“म्हंजे दोन. दोन बैलवाल्याची सावड आयकली काय कधी तू? लोक म्हनतीन, पुंडलिक लेकाचा सरकारी जोडीवर फुकटात वावर वाहून घेऊन राह्यला.”

“मी त्याले कोठ्यातच बांधून ठेवतो. बाहीरच काढत नाई.”

“असा बैल बांधून ठेवतं? पाप लागते बे.”

“मंग?”

“मंग काय. तानबासंग बोललो मी काल.” पुंडलिकरावांनी दाव्याला जास्तच पीळ दिला. “त्याचा बैल थोडा लंगडते. पन एकच आहे.”

बंडूजी सुपारी घेऊन परत आले. घरी सुपारी खाणारं कोणी नव्हतं, म्हणून ती कोनाड्यात ठेवली आणि काही दिवसांनी उंदराने नेली.

जोडी नामी होती, यात शंका नाही. वखरणी अशी झाली की पाहत राहावं. पाहणारं मात्र कोणी नव्हतं. दोघांच्या शेतांना आळीपाळीने जो वेळ लागायचा त्याच्या अर्ध्यातच सगळं उरकायचं, आणि उरलेला दिवस बंडूजींपुढे पडीक रानासारखा पसरायचा. काम लवकर संपल्यावर काय करायचं, ते शिबिरात राहून गेलं होतं. धुऱ्यापलीकडून पुंडलिकरावांच्या शिव्या ऐकू यायच्या. त्या तानबाला असायच्या. बंडूजी बैल थांबवून ऐकत. त्यातली एखादी शिवी त्यांच्यासाठीच घडवलेली, वर्षानुवर्षं वापरलेली असे, आणि ती तानबासारख्या माणसावर खर्च होताना पाहून त्यांना वाईट वाटायचं.

पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, वर आली. ओळी अशा सरळ की रस्त्यावरून पाहिलं तर शेवटचं झाड पहिल्याच्या मागे लपावं. रस्त्याच्या कडेला ‘आदर्श शेतकरी’ अशी पत्र्याची पाटी लागली. बंडूजी रोज सकाळी पाटीजवळ जाऊन उभे राहत, काय काय सांगायचं त्याची मनात उजळणी करत. पण गाव आलं नाही. उभ्या पिकाकडे टक लावून पाहिलं आणि उद्या ते बसलं, तर ज्याने पाहिलं त्याची नजर लागली असं होतं. इथे तर पीक सरकारी. सरकार कोणाचं नाव घेईल याचा काय भरवसा? त्यामुळे पाटी लागल्यापासून शहाणी माणसं नाल्याकडून फिरून जायला लागली. ज्यांना रस्त्यानेच जाणं भाग होतं, ते त्या शेतापाशी आले की मान दुसरीकडे वळवत. पूर्वी त्या रस्त्याने जाणारा ‘काय बंडूजी, भाकर झाली काय?’ असं तरी विचारायचा.

साहेब एकदा आले. जीपमधून न उतरता त्यांनी पाहिलं आणि “फार छान” म्हटलं. ओमप्रकाश मात्र सुरुवातीला नेमाने येत. धुऱ्यावर बसून ते बंडूजींना नरसिंहपूरच्या आईबद्दल सांगत, बंडूजी त्यांना ओळींबद्दल सांगत, दोघांचंही बरं चाललं होतं. पुढे त्यांच्याकडे आणखी गावं आली. मग बंडूजी सरकारलाच दोन झाडांतलं अंतर समजावून सांगू लागले. तो ऐकायचा. तेवढ्यापुरता तो चांगला बैल होता.

पोळ्याला तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या. पुंडलिकरावांचा बैल हिऱ्या तानबाच्या लंगड्याशेजारी होता, आणि दोघांच्या शिंगांना एकाच डब्यातला रंग होता. बंडूजींची जोडी सगळ्यांत देखणी. तिच्या दोन्ही बाजूंना लोकांनी आदराने जागा सोडली होती.

पोळ्यानंतर बंडूजी पुंडलिकरावांच्या ओट्यावर गेले.

“माहा नवा बैल चालत नाई,” ते म्हणाले. “आडवा पडते. मानंवर जू ठेवलं का बसूनच जाते. मले वाटते, तुही सावड लागन.”

पुंडलिकरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. “चाल, दाखव.”

शेतात गेल्यावर पुंडलिकरावांनी स्वतः कासरा हातात घेतला आणि कोळपणीचा डवरा जुंपला. सरकार त्या दिवशी असा चालला की शिबिरातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. एका ओळीने जाऊन दुसऱ्या ओळीने परत, ना वळणावर अडला, ना पानाला पाय लागू दिला. बंडूजी त्याच्याकडे असे पाहत होते, जसं आयत्या वेळी उलटलेल्या साक्षीदाराकडे पाहावं.

पुंडलिकराव धुऱ्यावर येऊन बसले. तंबाखू काढली, चुना लावला, मळली, आणि अर्धी बंडूजींच्या हातावर ठेवली.

“बैल चांगला आहे.”

“हो.”

“मंग खोटं काऊन बोलला बे?”

बंडूजींनी तंबाखू ओठाखाली ठेवली. “असंच.”

दोघंही पऱ्हाटीकडे पाहत होते. नजरेची भीती पुंडलिकरावांनी त्या दिवसापुरती बाजूला ठेवली होती.

“तो तानबा बोलतच नाई ना बाप्पा,” पुंडलिकराव एकदम म्हणाले. “हूं नाई का चूं नाई. शिवी देल्ली त हासते. अशा मानसासंग दिवस कसा काढावं?”

“तुह्या शिव्या धुऱ्यावरून आयकू येतात मले.”

“मंग? धुऱ्यावरून आयकू यावं म्हनूनच त देतो. नाईतं तो तानबा काय बहिरा आहे?”

बंडूजींनी मान खाली घातली. त्यांना हसू आलं होतं आणि ते पुंडलिकरावांना दाखवणं परवडण्यासारखं नव्हतं.

“पुंडलिका, आयक,” ते म्हणाले. “हंगाम संपेपर्यंत बैल इकता येत नाई, अशी अट आहे. इकायचा मले नाईच. कापूस निंगाला का मी त्याले धुरपतीकडे गिरडले नेऊन देतो. जवायाले कामाले येते. मंग माह्याकडे राह्यला एक.”

पुंडलिकरावांनी हिशोब केला. तो फार मोठा नव्हता.

“मंग होते सावड,” ते म्हणाले. “आन पाडव्याले सुपारी वेळेवर आनजो. दरसाली तुहं दुपारी येनं राह्यते.”

त्यानंतरचे महिने बंडूजींना जड गेले नाहीत. वेचणी झाली, पीक चांगलं आलं. ओमप्रकाश एकदा घाईघाईत येऊन, पुढच्या वर्षी योजना वाढणार आहे, आदर्श शेतकऱ्याचा प्रभाव शेजारपाजारी पसरला पाहिजे, असं काहीतरी सांगून गेले. बंडूजींनी ‘पसरू द्या’ म्हटलं. त्यांचं लक्ष पाडव्याकडे होतं.

पाडवा तोंडावर आला तेव्हा ते सरकारला घेऊन गिरडला चालत गेले. धुरपताने बैलाला ओवाळलं, जावयाने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मुलगी राहा म्हणाली, तर बंडूजी म्हणाले, “नाई माय, पाडवा आहे, मले जा लागते.” परतताना हातात नुसताच कासरा होता, आणि ते वाटेने चक्क गुणगुणत आले. बाजारातून सुपारी घेतली, या वेळी चांगली, पांढरी.

सकाळीच ते पुंडलिकरावांकडे पोचले. दारापुढे गर्दी होती. ओमप्रकाशची सायकल भिंतीला टेकवलेली होती. नियमाप्रमाणे दुसऱ्या वर्षी आदर्श शेतकऱ्याच्या लगतच्या शेतकऱ्याची निवड करायची होती, आणि बंडूजींना लागून एकच शेत होतं.

पुंडलिकरावांकडे आता दोन बैल होते.